भाचा पनीर ठेवत नाही! मोसमी जेवणाचं १६० रुपयांचं हॉटेल इंदूरात चालेल का?

बियाबानी_बाळ (धागाकर्ता), १२ सप्टेंबर

मंडळी, नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. सल्ला हवाय आणि थोडं रडायचंही आहे.

माझा भाचा, थोरल्या ताईचा मुलगा, पुण्यात सात वर्षं आयटीत काढून इंदूरला परतला. ताईच्या सासरची देपालपूरच्या पुढे गौतमपुऱ्याच्या रस्त्याला नऊ बिघे काळी जमीन आहे. भावजी तिथे खरीपाला सोयाबीन आणि रब्बीला गहू-लसूण घेतात, जसे सगळेच घेतात. भाच्याने त्यातले दोन बिघे मागून घेतले, भाज्या लावल्या आणि फेब्रुवारीत अन्नपूर्णा रोडच्या मागच्या एका गल्लीत बावीस खुर्च्यांचं हॉटेल उघडलं. नाव सांगत नाही, नाहीतर संपादक मंडळ जाहिरात म्हणून धागा उडवेल.

मेनूकार्ड नाही. दाराशी काळा फळा. शेतात जे निघालं ते शिजलं, त्याची एकच थाळी, १६० रुपये. आजचा फळा सांगतो: भुट्ट्याचा कीस, गिलक्याची (म्हणजे घोसाळ्याची) भाजी, तुरीचं वरण, पोळी, भात, बालम काकडीची कोशिंबीर, ताक. बस. पोळी-वरण लागेल तितकं, कीस एकदाच.

जेवून गेलेला माणूस परत येतो, हे मी स्वतः गल्ल्यावर बसून पाहिलंय. पण रोज आठ-दहा जण दारातच विचारतात, "पनीर में क्या है?" भाचा म्हणतो, "पनीर नहीं है." मग ते फळा वाचतात, एकमेकांकडे बघतात आणि त्यातले निम्मे स्कूटरला किक मारतात. ताई म्हणते, एक पनीरची भाजी ठेवली तर काय बिघडतंय? भाचा म्हणतो, "ज्या दिवशी पनीर येईल त्या दिवशी फळा पुसून टाकतो." मायलेकरांत तीन आठवडे अबोला आहे आणि निरोप्या मी.

तर प्रश्न: पनीर ठेवावं की नको? आणि १६० हा भाव बरोबर आहे का?

सराफा_रात्री_एक

भिया राम! पनीर मागणारा जुन्या इंदूरचा असूच शकत नाही. नव्या वस्तीतला, विजयनगरचा असणार.

गिलकी_नको_गं

गिलक्याच्या भाजीसाठी १६० रुपये? आमच्याकडे आई फुकट देते तरी खात नाही.

पुणेरी_जावई

एकच थाळी, पर्याय नाही, संपलं की बंद, आणि मालक गिऱ्हाइकाला नाही म्हणतो. हे पुण्यात फार आधीपासून आहे. आम्ही त्याला मोसमी वगैरे म्हणत नाही इतकंच. भाचा सात वर्षांत नीट शिकून आलेला दिसतोय.

नर्मदेहर

थंड पाणी ओतणारा एक तरी हवा, म्हणून लिहितो.

'शेतातून थेट ताटात' या पाटीला मी एकदा फसलोय. बायपासवरच्या एका ठिकाणी (नाव नको) मेहुण्याने नेलं होतं. दारात बैलगाडी, भिंतीवर सुपं, वेटरच्या डोक्याला साफा. माणशी ९०० रुपये. महिना एप्रिल, आणि ताटात भुट्ट्याचा कीस! मी वेटरला विचारलं, बाबा, एप्रिलमध्ये कणीस कुठलं? तो म्हणाला, "सर, फ्रेश है." फ्रेश म्हणजे फ्रीझरमधून ताजं काढलेलं.

आता तुमच्या भाच्याबद्दल. तेल कुठलं? मीठ, साखर, चहा? मालव्यात तांदूळ होत नाही, मग ताटात भात कसा? आपण इंदूरकर ज्याच्या जिवावर मिशा पिळतो ती साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा येतो तमिळनाडूतल्या सेलमहून. पोहे बरेचसे छत्तीसगडचे. म्हणजे सकाळच्या पोह्यांपासूनच शेत आणि ताट यांच्यामध्ये रेल्वे आहे. मग पनीरनेच काय घोडं मारलंय?

बियाबानी_बाळ

@नर्मदेहर, तेल भावजींच्याच सोयाबीनचं, असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते डब्यातलं आहे. तांदूळही बाजारचा. भाच्याचा नियम एवढाच की भाजी, गहू आणि तूर घरची, बाकीचं विकत. भाताबद्दल त्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, भात काढला तर आपली मराठी माणसं पण जातील."

मालवमाती

भुट्ट्याचा विषय निघालाच आहे तर बोलू द्या. मी सांवेरकडचा, शेती करणारा.

किसाला लागतो तो देशी पांढरा मका, दाण्यात दूध भरलेलं असताना तोडलेला. पेरणी पावसावर, कणसं श्रावणाच्या आगेमागे सुरू आणि भाद्रपद सरता सरता दाणा कडक. दीड-दोन महिन्यांचा खेळ. हा दाणा किसला की दुधात घट्ट होतो, कडेने तूप सुटतं. वर्षभर जो कीस मिळतो तो बहुतेक स्वीट कॉर्नचा. त्यात पाणी जास्त, साखर जास्त. कितीही परता, खिरीसारखाच लागतो. मग मिरची आणि जिरावण (आपला इंदुरी मसाला) वाढवून झाकतात. ज्याने फक्त तो खाल्लाय त्याला फळ्यावरचा 'आज कीस' कळणार नाही. त्याला वाटणार, रोजच तर मिळतो.

म्हणून मी भाच्याच्या बाजूने आहे. पण त्याला एक सांगा. फळ्यावर नुसतं 'कीस' लिहू नको. 'देशी मका, अजून दहा दिवस' असं लिही.

दुसरं, किंकोडे (पुण्याची मंडळी कर्टोली म्हणतात) त्याने लावलेत की विकत घेतो? बांधावर आपोआप येतात आणि बायका रानातून वेचून आणतात. मोसमी म्हणजे स्वस्त असं नाही. आमच्याकडे पावसाळ्यात ती सगळ्यात महाग भाजी असते. १६० च्या थाळीत परवडणार नाही.

बियाबानी_बाळ

किंकोडे दोनदाच केले. दोन्ही वेळा ताईने हिशेब बघून कपाळावर हात मारला.

सुदामानगरची_काकू

बाळ, मी अकरा वर्षं डबे दिले. आधी चार, मग चाळीस. विद्यार्थी आणि बँकेतली मुलं. तेव्हा मला कुणी मोसमी म्हटलं नाही, पण मंडईत जे स्वस्त तेच डब्यात, म्हणजे झालंच की मोसमी.

तुम्ही सगळे पनीरबद्दल चवीने भांडताय. स्वयंपाकघरातून बघा. पनीर म्हणजे काय? पाकीट फोडा, सुरी फिरवा, रश्श्यात टाका. दहा मिनिटं. आता छोड घ्या. पन्नास माणसांना पुरेल इतके हिरवे हरभरे सोलायला दोन बायकांची दुपार जाते आणि नखं काळी होतात ती वेगळी. तुरीच्या शेंगा तशाच. मेथी निवडा, पालक तीन पाण्यांतून काढा, चंदनबटव्यात गवत शोधा. गराडू सोला, मग हात खाजवत बसा (तेल लावून सोलावा, पण नवीन बाई विसरतेच). फुलकोबीतल्या अळ्यांचं तर बोलूच नका. हॉटेलवाले पनीर ठेवतात ते गिऱ्हाइकाला आवडतं म्हणून, आणि त्याहून जास्त म्हणजे निवडावं लागत नाही म्हणून.

भाच्याकडे किती बायका आहेत? हिवाळ्यात काय करणार आहे? थंडीत भाजी मातीमोल होते, पण निवडणारीला पगार तोच द्यावा लागतो.

आणि एक विचारते, फेब्रुवारीत उघडलं म्हणजे पहिलाच उन्हाळा लागला. वैशाखात फळ्यावर काय लिहिलं?

सराफा_रात्री_एक

काकू, एक आयडिया आहे. वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर छोडाची टोपली ठेवा. सोला आणि आत या.

बियाबानी_बाळ

काकू, दंडवत. तुम्ही नेमकं दुखतंय तिथे बोट ठेवलंत.

वैशाखात हाल झाले. गिलकी, दुधी, कारली एवढंच हिरवं, तेही पाणी पाजून पाजून. पंधरा दिवस दुधी आलटून पालटून लागला, तेव्हा एका गृहस्थांनी फळ्यावर दुधीखाली खडूने लिहिलं, "फिर वही." मग ताई मदतीला धावली. पिठलं, बेसनाचे गट्टे, मुगाच्या वड्यांची रस्सा भाजी, कढी, साठवणीचा कांदा-बटाटा, कैरीची लौंजी, पन्हं. एकदा सांडगे. भाच्याला वाटत होतं की हे शेतातलं नाही, म्हणजे फसवणूक आहे. ताई म्हणाली, "अरे, चणा शेतातलाच होता ना? तुझी आजी उन्हाळ्यात काय खात होती?"

स्वयंपाकाला दोन बायका, वरकामाला एक मुलगा.

मालवमाती

ताईंना साष्टांग. वाळवण, वड्या, डाळी, लोणची हेच आपलं उन्हाळ्याचं पीक. 'डग डग रोटी, पग पग नीर' ही मालव्याची ओळख खरी, पण वैशाखात ते नीर बोअरिंगच्या तळाशी असतं.

हिशेबनीस

बाळ, आकडे द्या. नुसत्या चवीवर सल्ला देता येत नाही.

बियाबानी_बाळ

हे घ्या. भाडं १८,०००. दोन बायका प्रत्येकी १२,०००, मुलगा १०,०००. गॅस साडेनऊ हजारांच्या आसपास, वीज ४,०००. महिन्याला २६ दिवस, दोन्ही वेळच्या मिळून सरासरी ४० थाळ्या. बाजारातून आणायचं सामान (तेल, तांदूळ, दूध, मसाला, साखर) थाळीमागे ३४ रुपये. भाजी, गहू, तूर घरची, म्हणून धरलेली नाही.

हिशेबनीस

शेवटच्या वाक्यात सगळं आलं.

५ टक्के जीएसटी १६० च्या आतच धरला तर हातात थाळीमागे १५२ रुपये आणि काही पैसे येतात. चाळीस थाळ्या, २६ दिवस, म्हणजे साधारण १,५८,५००. बांधील खर्च ६५,५००. सामान ३५,४००. उरतात साडेसत्तावन्न हजार. भाचा खूश.

आता त्याच भाजी-गहू-तुरीला चोइथराम मंडीचा भाव लावा. हलक्या हाताने धरला तरी थाळीमागे २२ रुपये होतील. महिन्याचे २२,९००. हे पैसे हॉटेलने कमावलेले नाहीत, ते तुमच्या भावजींच्या खिशातून गेलेत. हॉटेलला उरले ३५ हजारांच्या आत. त्यात भाच्याचा स्वतःचा पगार, फुटलेली भांडी, बंद पडलेला फ्रीज. थाळ्या तीसवर आल्या तर दहा हजारही हातात राहत नाहीत.

'स्वस्त आणि शेतातलं' अशा जागांचं मला नेहमी हेच दिसतं. स्वस्ताई कुणीतरी घरातला माणूस देत असतो आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. पनीरचा प्रश्न नंतर. आधी भावजींचं बिल द्या. आणि थाळी १८० करा. वीस रुपयांनी कोणी जाणार नाही, पण महिन्याला जवळजवळ वीस हजार येतील.

नर्मदेहर

+१. माझ्या प्रश्नापेक्षा हा चांगला निघाला.

गिलकी_नको_गं

वीस रुपयांनी कोणी जाणार नाही म्हणे. मी जाईन.

बे_एरियातून

मूळचा रामबागचा, आता कॅलिफोर्नियात. आमच्या बर्कलीतच हे सगळं प्रकरण फोफावलं. अॅलिस वॉटर्स नावाच्या बाईने १९७१ साली 'शे पनीस' उघडलं. तिथेही रोज एकच ठरलेलं जेवण, पर्याय नाही, आसपासच्या शेतकऱ्यांकडून जे चांगलं आलं ते. पहिल्या रात्री पूर्ण जेवण ३ डॉलर ९५ सेंटला होतं म्हणतात. आज तिथल्या खालच्या दालनात माणशी दीडशे डॉलरच्या वर जातात. मी एकदा ऑफिसच्या खर्चाने गेलोय. पीच आलं होतं, एका बशीत एक पीच. नुसतं. चिरलेलंसुद्धा नव्हतं. उत्तम होतं, मान्य. पण आईने पाहिलं असतं तर म्हणाली असती, याला स्वयंपाक म्हणतात?

सांगायचा मुद्दा, एकच जेवण ठेवलं की नासाडी कमी होते, साठा ठेवावा लागत नाही, स्वयंपाकी कमी लागतात. एका थाळीत स्वस्ताई आपोआप येते. त्यात पनीर टाकलंत की फ्रीज आला, उरलेलं आलं, "कडाई पनीर नहीं है क्या" आलं. एका पनीराच्या मागून चौदा पदार्थ शिरतात.

पुणेरी_जावई

'शे पनीस' या नावातच पनीर आहे हे कुणाच्या लक्षात आलं का?

सराफा_रात्री_एक

जावईबापू आज फॉर्मात येऊन राहिलेत.

पुणेरी_जावई

"येऊन राहिलेत" वाचून डोळे पाणावले. बायको लग्नाला नऊ वर्षं झाली तरी "मी भाजी चिरून राहिली" म्हणते.

लष्करवाली (ग्वाल्हेर)

चिरून राहिली तर भाजी मिळतेय ना? खा की गुपचूप. आमच्या ग्वाल्हेरलाही असंच बोलतात. आणि तुम्ही पेरूला पेरू म्हणता, इंदूरकर जाम म्हणतात. त्यावर पण धागा काढा आता.

बडोदेकरीण

पेरूवरून आठवलं. आमच्याकडे बडोद्यात मोसमाचं कुणी कौतुकही करत नाही, इतका तो गृहीत धरलेला असतो. थंडी पडली की खंडेराव मार्केटात पापडी, रताळू, हिरवा लसूण, ओली हळद यांचे ढीग लागतात आणि उंधियूच्या पाट्या लागतात. संक्रांत झाली की हळूहळू उतरतात. मे महिन्यात उंधियू मागितलात तर दुकानदार तुमच्या तब्येतीची चौकशी करेल. पोंकही तसाच, कोवळ्या ज्वारीचा, थोडेच दिवस.

म्हणजे गिऱ्हाईक मुळात हट्टी नसतं. एखादा पदार्थ फक्त अमुक दिवसांत मिळतो हे त्याला पक्कं माहीत असलं की तो त्याची वाट बघतो. इंदूरात गराडूचं असंच आहे ना? उन्हाळ्यात गराडू नाही म्हणून सराफ्याच्या खाऊगल्लीत कुणी भांडत नाही.

मालवमाती

गराडूचं उदाहरण चपखल. (महाराष्ट्रातल्यांसाठी: कोनफळाचा मालवी भाऊ. तळून, लिंबू पिळून, वर जिरावण.)

बाळ, अजून एक. भाचा फळ्यावर 'सेंद्रिय' किंवा 'ऑर्गॅनिक' लिहितो का? लिहीत असेल तर पुसायला सांगा. रासायनिक सोडून सेंद्रियचा दाखला मिळेपर्यंत वर्षायू पिकांना दोन वर्षांचा पालटाचा काळ धरतात. दोन बिघ्यांवर मागच्या वर्षापर्यंत सोयाबीनवर फवारे मारले असतील. शेजारच्या शेतकऱ्यांना घेऊन पीजीएसचा (शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून दाखला द्यायची पद्धत) गट करता येतो, तो स्वस्तात पडतो, पण वेळ लागतोच. तोवर 'घरच्या शेतातलं' एवढंच लिहावं. ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

अवांतर, पण इंदूरकरांनी हे विसरू नये. ज्या कंपोस्टचं जगभर कौतुक होतं त्याची एक मुख्य पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. आल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होता. होळकर दरबाराने जमीन दिली, तिथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. आजचं कृषी महाविद्यालय ते हेच. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, राख यांचे थर लावायचे, ठराविक दिवसांनी उलटायचे, साधारण तीन महिन्यांत खत तयार. त्याने हे हवेतून काढलं नाही, इथल्या शेतकऱ्यांचं बघून आणि चीनच्या शेतकऱ्यांचं वाचूनच बसवलं. १९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाला आले तेव्हा मुद्दाम हे बघायला गेले होते.

तर हॉटेलातल्या सालपटांचं भाचा काय करतो?

नर्मदेहर

कचरागाडीत टाकत असेल. गाणं वाजलं की पळत जाऊन ओला वेगळा, सुका वेगळा. इंदूरात राहायचं तर ते करावंच लागतं. ओला कचरा देवगुराडियाच्या प्लँटला जातो, २०२२ साली सुरू झाला तेव्हा रोजचा साडेपाचशे टन घेण्याची त्याची क्षमता होती, आणि त्याच्या गॅसवर सिटी बस चालते. म्हणजे आमच्या गिलक्याची सालं खाऊन बस राजवाड्याला जाते.

बियाबानी_बाळ

सालं टेम्पोतून परत शेतात जातात. भाजी घेऊन आलेला टेम्पो रिकामा जायचा, म्हणून सुरू झालं. भावजी आधी वैतागले, आता खड्डा त्यांनीच खणलाय. हॉवर्डचं त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आमचे आजोबा करायचे तेच. गोऱ्याने लिहून ठेवलं."

'सेंद्रिय' फळ्यावर होतं. आज पुसलं.

गिलकी_नको_गं

हॉटेलचा पत्ता व्यनि करा.

संपादक मंडळ

पत्त्याची देवाणघेवाण व्यक्तिगत निरोपांतून करावी. तसेच विजयनगरच्या रहिवाशांबद्दल आलेले तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

चिंतामणी_७७

ही तर जिलबी (उगाच पाडलेला धागा) आहे. साध्या पनीरवर तीन पानं धागा.

सराफा_रात्री_एक

इंदूरचा धागा आहे, जिलबी असणारच. पोहे घेऊन या.

---

बियाबानी_बाळ, १८ जानेवारी

धागा वर काढतोय. चार महिन्यांत बरंच घडलं.

हिशेबनीस, तुमचं ऐकलं. भावजींना ऑक्टोबरपासून मंडीच्या भावाने पैसे जातात. भाचा दर सोमवारी पावतीवर सही घेतो. पहिल्या वेळी भावजी पैसे हातात धरून म्हणाले, "एवढे? मग सोयाबीन कशाला लावतोय मी?" यंदा त्यांनी अजून एक बिघा भाजीला दिलाय. थाळी १८० केली. गेलेले लोक मोजले नाहीत, पण चाळीसच्या जागी आता बावन्न-पंचावन्न थाळ्या होतात. थंडीचा परिणाम, म्हणून उड्या मारत नाही.

सराफा_रात्री_एक, तुझी टोपली भाच्याने मनावर घेतली. दुपारी साडेबाराला बाहेर रांग लागते, तिथे बाकावर छोडाच्या जुड्या आणि मोठं ताट. सक्ती नाही. सोलणाऱ्याला आत गेल्यावर छोटा पेला मठ्ठा. पहिल्या दिवशी कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रातून मुलीकडे आलेल्या एक आजी बसल्या. "हे तर सोलाणे," म्हणाल्या आणि वीस मिनिटांत अर्धं ताट भरलं. त्यांचं बघून कॉलेजची पोरं बसली. निम्मे दाणे तोंडात जातात, पण निम्मे ताटात येतात.

आणि आता पनीर.

डिसेंबरात भाचा पुण्याला मित्राच्या लग्नाला गेला, दोन दिवस. ताईने संधी साधली. पाच किलो पनीर आणवलं आणि फळ्यावर लिहिलं: 'आज मटर पनीर'. मी गल्ल्यावर होतो, खोटं सांगत नाही. त्रेपन्न थाळ्या गेल्या आणि त्यातल्या चौतीस जणांनी पनीर दुसऱ्यांदा मागितलं. भाचा परत आला, वही बघितली आणि संध्याकाळभर बोलला नाही. मला वाटलं, फळा गेला.

रात्री त्याने ताईला एकच विचारलं, "दूध कुणाचं होतं?" बाजारचं पनीर, कुणाचं ते काय माहीत. मग त्यानेच काढलं की शेताशेजारी जे गवळी आहेत त्यांच्या म्हशी पावसाळ्यानंतर व्यायल्यात, आता दूध उतू जातंय आणि डेअरी भाव पाडून मागतेय. उन्हाळ्यात हेच दूध निम्म्यावर येतं. म्हणजे दुधालाही मोसम आहे.

तर तह असा झाला. मंगळवारचा फळा ताईचा. त्याच गवळ्यांचं दूध, पनीर घरी फाडायचं, आणि होळीपर्यंतच. होळीनंतर कुणीही मागितलं तरी नाही. फळ्यावर कोपऱ्यात कायमचं लिहिलंय: 'पनीर: मंगळवारी, होळीपर्यंत.'

बडोदेकरीण

उंधियूसारखं! आता लोक मंगळवारची वाट बघतील.

सुदामानगरची_काकू

पनीर फाडल्यावर पाणी ओतून देऊ नका म्हणावं. पोळीच्या कणकेत घालायचं. आणि गवळ्याकडून चीक मिळाला तर खरवस करा. त्याला वारही नसतो, जेव्हा होईल तेव्हा.

बियाबानी_बाळ

काकू, एकदा झाला. अकरा वाट्या. फळ्यावर लिहीपर्यंत संपला. तीन वाट्या माझ्याच घरी आल्या, हे भाच्याला सांगू नका.

हिशेबनीस

घरच्या पनीराला किलोमागे दूध किती लागलं ते लिहून ठेवा. मंगळवारची थाळी वेगळी मांडून बघू.

नर्मदेहर

मी परवा जाऊन आलो (व्यनितून पत्ता मिळाला). मेथी, छोडाची रस्सा भाजी, मक्याची रोटी, गूळ, मुळ्याची कोशिंबीर, गराडूचे चार तुकडे. भातही होता. तक्रार शोधत होतो. वरण थोडं पातळ.

गिलकी_नको_गं

मी पण. तीनदा. गिलकी नव्हती.

पुणेरी_जावई

बायकोला घेऊन पुढच्या आठवड्यात येतोय. मंगळवारी येऊ की इतर दिवशी?

बियाबानी_बाळ

कधीही या, पण साडेबाराच्या आत. छोड एकला संपतो. आणि आधी बाहेर बाकावर बसावं लागेल.

सराफा_रात्री_एक

जावईबापू सोलून राहिलेत, असा फोटो टाका.